ऑप्टिमा: सेरिफ नाही, तरीपण जाड-बारीक

सॅन्स-सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकांना सेरिफ (छोट्या आडव्या रेघा) नसलेला फॉन्ट, म्हटलं की बहुतेकांना हेल्वेटिका नाहीतर एरियल आठवतो, म्हणजे सगळीकडे साधारण एकाच जाडीची रेघ. ऑप्टिमा हा फॉन्टही बिनसेरिफचा, पण त्या पंगतीतला नाही. त्याचा कॅपिटल आय झूम करून बघा, दांडी सरळ नाहीये, मध्ये किंचित आत गेलीये आणि दोन्ही टोकांना रुंद होते, डमरूसारखी, पण इतकी हलकी की नेहमीच्या साइजला ते दिसत नाही, फक्त अक्षर मऊ वाटतं. ओ मध्ये तर जाड-बारीक फरक उघड दिसतो.

हे आलं कुठून, तर दगडातून. त्याचा जर्मन डिझायनर हेरमान झाफ (हो, झाफ डिंगबॅट्स या चिन्हांच्या फॉन्टवाला झाफ) 1950 मध्ये फ्लॉरेन्सला गेला होता, तिथल्या सांता क्रोचे चर्चच्या फरशीत जुन्या थडग्यांचे दगड आहेत, त्यावरची अक्षरं त्याला आवडली, जवळ कागद नव्हता म्हणून हजार लिराच्या नोटेवरच स्केच केलं! फॉन्ट बाजारात आला 1958 ला, जर्मनीच्या स्टेम्पेल या फाउंड्रीकडून, म्हणजे टाइप बनवणाऱ्या कंपनीकडून.

त्यामुळे मला तरी वाटतं की हा फॉन्ट शोभतो तो कोरीव कामातच. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम मेमोरियलवर, काळ्या ग्रॅनाइटवर, त्या युद्धात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांची 58 हजारांहून जास्त नावं ऑप्टिमात आहेत, अक्षरं जेमतेम अर्धा इंच उंच. तिथे सेरिफ असता तर थाटमाट वाटला असता आणि हेल्वेटिका असता तर सरकारी नोटीस. उलट क्रीम-लोशनच्या डब्यांवर तो इतका वापरलाय की आता स्पा किंवा स्किन क्लिनिकच्या लोगोसाठी कुणी सुचवला तर मी सरळ नाही म्हणते.

वापरायचा तर मोठ्या साइजला, अक्षरांमध्ये थोडी जास्त जागा (ट्रॅकिंग) ठेवून, चांगल्या कागदावर. पुस्तकाचं कव्हर, म्युझियममधल्या पाट्या, नावांची यादी असेल तर मस्तच. ॲपच्या बटणावर बारा पिक्सेलला टाकू नका, साध्या स्क्रीनवर ती आत गेलेली दांडी मावतच नाही, मग नुसताच पुसट फॉन्ट उरतो. आणि जुन्या ऑप्टिमाचा इटॅलिक म्हणजे उभं अक्षर तिरकं केलेलं, बस. खरा इटॅलिक हवा असेल तर ऑप्टिमा नोव्हा घ्या, झाफने अकिरा कोबायाशी या जपानी डिझायनरला बरोबर घेऊन 2002 मध्ये परत काढला तो.

आता आपल्या कामाचं. मराठी-इंग्रजी दोन्ही असलेल्या पत्रिकेत देवनागरी बोरूच्या वळणाची असेल तर शेजारी हेल्वेटिका लोखंडी सळ्यांसारखा दिसतो, ऑप्टिमा त्यामानाने जमतो. जाडी पडायची दिशा दोन्ही लिप्यांत वेगळी आहे त्यामुळे जोडी तंतोतंत जुळणार नाही, पण पानाचा एकूण रंग, म्हणजे मजकूर लांबून किती गडद-फिका दिसतो ते, जवळ येतो. मुक्ता फॉन्टसारखी एकसारख्या जाडीची देवनागरी असेल तर मात्र ऑप्टिमाच्या नादी लागू नका, मुक्ताचीच इंग्रजी अक्षरं आहेत की, तीच घ्या.