दोन छोट्या इलेक्ट्रिक गाड्या, पसरणीचा घाट आणि एकच सॉकेट

दाजींनी एमजीची कॉमेट घेतल्यापासून आमच्याकडे जेवताना एकच वाद चालतो: दोन लाख जास्त मोजून मी टाटाची टियागो ईव्ही घेतली, ती कशासाठी? शेवटी ताईच म्हणाली, "अरे, दोन्ही गाड्या घेऊन महाबळेश्वरला जाऊन येऊ, म्हणजे मिटेल एकदाचं." जानेवारी होता, स्ट्रॉबेरी होती, निघालो.

आधी आकडे. टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांपासून आली. तिच्यात बॅटऱ्या दोन, १९.२ आणि २४ किलोवॅट-अवरच्या. वीजबिलाच्या भाषेत तेवढे युनिट. माझी २४ ची. कंपनीचा दावा ३१५ किलोमीटरचा; हायवेवर मी २०० धरतो. कॉमेट २०२३ मध्ये ७.९८ लाखांना आली, बॅटरी १७.३ ची, दावा २३० चा. दाजी १६० धरतात. तिची लांबी तीन मीटरही नाही, दारं दोन आणि चाकं बारा इंची. चौघं बसली तर बॅगा मांडीवर.

पहाटे पावणेसहाला दोघांनी शंभर टक्क्यांवर कोथरूड सोडलं. मी ताशी ८० च्या पुढे गेलो नाही, दाजी ७० च्या आसपास. खंबाटकीचा चढ दोघांनाही जाणवला नाही. जाणवले ते ट्रक. सुरूर फाट्याला वळून वाईत पोचलो तेव्हा माझ्याकडे ५४ टक्के, दाजींकडे ५२.

खरी परीक्षा पसरणीच्या घाटात. वाई ते पाचगणी जेमतेम तेरा किलोमीटर, पण या रस्त्यावर गाडी पावणेसहाशे मीटर उचलावी लागते. बायको, मुलगा आणि सामान धरून माझी गाडी तेराशे किलोच्या पुढे जाते. नुसतं हे वजन वर न्यायला दोन-सव्वादोन युनिट लागतात, वर रोजचं पळणं वेगळं. घाट संपला तेव्हा १५ टक्के गेले होते. सपाटीवर तेवढ्यात तीस किलोमीटर झाले असते. घाटाचा हिशेब किलोमीटरमध्ये करायचा नाही, उंचीत करायचा. दर शंभर मीटर चढाला माझ्या गाडीचे साधारण दोन टक्के जातात.

महाबळेश्वरला पोचलो तेव्हा माझे २८, दाजींचे २५. दाजी खूश, "बघ, सारखंच की!" सारखं नाही. माझ्या २८ टक्क्यांत पावणेसात युनिट असतात, त्यांच्या २५ मध्ये सव्वाचार.

गंमत पुढेच होती. होमस्टेवाल्यांनी फोनवर "पंधरा अँपिअरचा सॉकेट आहे" असं सांगितलं होतं. होताही, गिझरचा. चार्जर लावला की डबीवर लाल दिवा. काका म्हणाले, "गिझर तर चालतो की याच्यावर!" गिझर चालतो, पण अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर वीज घेत नाही, आणि ते बरंच आहे. सगळं घर फिरून झाल्यावर मागच्या बाजूला पाण्याच्या मोटारीचा सॉकेट सापडला. त्याला अर्थिंग चोख होतं. पण सॉकेट एक, गाड्या दोन.

तो कॉमेटला दिला, कारण तिला दुसरा इलाजच नाही. दाजींची गाडी २०२३ ची. फक्त एसी चार्जिंग, म्हणजे घरच्या विजेवरचं सावकाश, तेही ३.३ किलोवॅटनं. नंतरच्या वरच्या मॉडेलांत ७.४ चं आलं. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका हॉटेलच्या आवारातल्या डीसी, म्हणजे जलद, चार्जरवर गेलो. तो माझ्या गाडीला चालतो. पहिली गन, म्हणजे गाडीत लावायचा प्लग, सुरूच झाली नाही, ॲपमध्ये पैसे भरताना नेटवर्क गेलं, पण एकदा सुरू झाल्यावर पाऊण तासात ८० टक्के. युनिटला २१ रुपये पडले, घरच्या विजेपेक्षा बरेच जास्त. ते दोन लाख कशाचे, ते मला तिथे चहा पिताना कळलं. दावा केलेल्या किलोमीटरांचे नव्हेत, या पाऊण तासाचे. वर्षातून एकदाही शहराबाहेर जाणार नसाल तर ते देऊ नका.

कॉमेट आणखी स्वस्तात हवी असेल तर बॅटरी भाड्याची योजना आहे. २०२४ च्या सप्टेंबरात गाडी ४.९९ लाख आणि वर किलोमीटरला अडीच रुपये असा दर होता. बॅटरीसकट सर्वात कमी किंमत तेव्हा सात लाखांच्या आसपास. दोन लाखांचा फरक अडीचनं भागला की ८०,००० किलोमीटर. महिन्याला हजार चालवणाऱ्याला साडेसहा वर्षं फायदा, व्याज सोडून. दर बदलतात, म्हणून त्या दिवशीचा विचारा. दरमहा किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतील, ते कलमही वाचा.

बॅटरी किती टिकते, हे सगळे विचारतात. वॉरंटी टियागोला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, कॉमेटला ८ वर्षं किंवा १,२०,०००. माझी दोन वर्षांत ३१,००० झाली. पूर्ण चार्जवर आठ-दहा किलोमीटर कमी जाते, एवढंच.

उतरताना मात्र माझीच शिकवणी झाली. डोंगरावरून शंभर टक्के भरून निघू नका. उतारावर मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते आणि त्या ओढ्यानं गाडी आपोआप आवरते. भरलेल्या बॅटरीत ही वीज जायला जागा नसते, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर मिळणारा तो ओढा सुरुवातीला लागतच नाही. दाजींना पाचगणीपर्यंत ब्रेक दाबत यावं लागलं. मी ७६ वर निघालो. पाचगणीला ६८, आणि सगळा घाट उतरून वाईत ६९.

दोन्ही गाड्यांत स्टेपनी नाही, पंक्चर किट आहे. ते आधी घरी एकदा वापरून बघा. टोलचा घोळही मनात ठेवू नका. राज्यानं २०२५ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना दिलेली माफी मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर आहे. साताऱ्याच्या रस्त्यावर फास्टॅगमध्ये पैसे हवेतच.

कोथरूडला पोचलो तेव्हा माझ्याकडे २७ टक्के होते. दाजींनी रात्री त्यांच्या ४७ चा फोटो पाठवला. त्यांनी वरून शंभर भरून आणले होते, हे मी ताईला फोन करून सांगितलं.