बंदरावरच्या माणसांची नावं राखताना

माझ्या पीएच.डी.चा विषय रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची उचल हा आहे. हंगामाच्या आधी खलाशी बोटमालकाकडून पैसे उचलतो, मालक व्यापाऱ्याकडून उचलतो आणि मासे विकणारी बाई लिलावाला उभं राहता यावं म्हणून कुणाकडून तरी हातउसने घेते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने कित्येक घरं याच पैशांवर चालतात. कोणाचं फिटलं नाही, कोण त्यामुळे कोणाची बोट सोडू शकत नाही, हे बंदरावर अर्धंमुर्धं सगळ्यांना ठाऊक असतं, पण उघड कोणी बोलत नाही. माझ्याशी लोक बोलले. पैशांबद्दल बोलले, तसंच २०१७ पासून बंदी असलेल्या एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीबद्दलही बोलले. यातलं एखादं वाक्य भलत्या कानावर गेलं तर कुणाचं पुढच्या हंगामाचं काम जाईल, कुणा बाईला लिलावात माल मिळणार नाही. म्हणून ही माहिती सांभाळणं हे मी प्रबंध लिहिण्याइतकंच मोठं काम मानलं. नव्याने नोंदणी करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते कसं पार पडलं ते लिहिते आहे.

सुरुवात नीतिसमितीपासून, म्हणजे संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीपासून झाली. समितीचा नमुना अर्ज वैद्यकीय संशोधनासाठी बनवलेला होता आणि त्यात प्रत्येकाची सही किंवा अंगठा असलेलं संमतीपत्र सक्तीचं होतं. माझी अडचण अशी की माझ्या कामात ती सहीच सगळ्यात धोक्याची. बाकी कुठेच नाव नसताना, 'अमुक बाई माझ्याशी बोलली' हे सिद्ध करणारा एकच कागद म्हणजे संमतीपत्र. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत समितीच्या मान्यतेने तोंडी संमती घेण्याची सोय आहे. ती तत्त्वं आरोग्य संशोधनाची असली तरी तिथला विचार मला लागू पडत होता. मार्गदर्शक मॅडमनी आणि मी त्याचा आधार देऊन सविस्तर पत्र लिहिलं आणि समितीने ते मान्य केलं. मग मी प्रत्येकाला माहितीपत्रक वाचून दाखवायचं, त्यांनी हो म्हणायचं आणि वहीत नावाऐवजी फक्त संकेतांक, तारीख आणि माझी सही, अशी पद्धत ठरली. ज्यांचं काम आर्थिक देण्याघेण्यावर किंवा बेकायदा गोष्टींवर आहे त्यांनी हा मुद्दा समितीपुढे जरूर मांडावा. समितीतली माणसं ऐकतात; त्यांना कारण मात्र नीट लिहून द्यावं लागतं.

आश्वासनाचे शब्द ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. बहुतेक माहितीपत्रकांत 'तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील' असं सरसकट छापलेलं असतं. ते वाक्य मी वापरलं नाही, कारण ते पाळणं माझ्या हातात नाही. आपल्या पुरावा कायद्यात वकील आणि अशील किंवा नवरा-बायको यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण आहे, संशोधकाला तसं कुठेच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१) न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा अधिकारी कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी हजर करायला सांगू शकतो. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजचं प्रकरण मी पहिल्याच वर्षी वाचलं होतं. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात भाग घेतलेल्या माणसांच्या मुलाखती २००१ पासून काही वर्षं तिथे ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे बाहेर येणार नाही, असा शब्द त्यांना दिलेला होता. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या तपासासाठी अमेरिकी न्यायालयातून समन्स निघाले आणि काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या. तिथल्या संशोधकांनी मनापासून शब्द दिला होता, पण तो पाळण्याची ताकद त्यांच्याकडे नव्हती.

म्हणून माझं वाक्य असं ठरलं: 'तुमचं, बोटीचं आणि मालकाचं नाव मी कुठेही छापणार नाही. पण कोर्टाने मागितलं तर माझ्याजवळ जे असेल ते मला द्यावं लागेल. म्हणून ज्याने कुणी अडचणीत येईल ते नाव, तो नंबर, ती तारीख मला सांगूच नका.' हे ऐकून लोक बोलायचे थांबतील अशी भीती मला विभागात घातली गेली होती. झालं उलटंच. एक मावशी पाटी बाजूला सारून म्हणाल्या, "बाय, माजा नाव कुटं येनार नाय ना?" मी पुन्हा सगळं सांगितलं, कोर्टाचंही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "खरा बोललीस, आता लाव तुजा मशीन." पुढे बोलताना त्यांनी स्वतःच प्रत्येक ठिकाणी 'एक मालक', 'एक शेठ' असं म्हटलं. जे राखता येणार नाही ते गोळाच करायचं नाही, हा माझ्या सगळ्या व्यवस्थेचा पाया तिथे पक्का झाला. मधेच कोणी 'हे बंद कर' म्हणालं की मी रेकॉर्डर बंद करत असे आणि त्या वेळात ऐकलेलं नंतर घरी जाऊनही लिहीत नसे.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल वापरला नाही. फोनमधल्या फाइली आपल्या नकळत क्लाउडवर चढतात, फोटोंमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि संपर्कयादीतली नावं कितीतरी ॲपना वाचता येतात. इंटरनेट नसलेला साधा डिजिटल रेकॉर्डर घेतला. त्यात फाइल कूटबद्ध करण्याची, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाही अशी करण्याची सोय नसते, त्यामुळे त्याच संध्याकाळी फाइल लॅपटॉपवर घेऊन रेकॉर्डर रिकामा करायचा हा नियम. अर्थात कार्डवरून पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, ती परत काढता येते. म्हणून ती कार्डं दुसऱ्या कशालाही वापरली नाहीत आणि काम संपल्यावर मोडून टाकली. लॅपटॉपवर व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक कूटबद्ध कप्पा केला आणि ध्वनिमुद्रणं, लिखित रूपं सगळं त्यातच ठेवलं. याचा पासवर्ड विसरला तर कोणीही, अगदी ते सॉफ्टवेअर लिहिणारेसुद्धा, आत जाऊ शकत नाहीत. म्हणून तो एका सीलबंद पाकिटात मॅडमच्या कपाटात ठेवला. संकेतांक कोणाचा, याची यादी मात्र संगणकावर कधीच घेतली नाही. ती दुसऱ्या एका वहीत हाताने लिहिली आणि वही वेगळ्या गावात, वेगळ्या कुलपात ठेवली. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगायची नाहीत, एवढंच त्यामागचं तत्त्व.

चोरीपेक्षा पाणी आणि हवा यांची चिंता आपल्या कोकणात जास्त. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगडच्या लोकांना आठवत असेल, किती दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा दुकानं, दवाखाने आणि १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे ग्रंथही त्यात सापडले. गोपनीयता म्हणजे माहिती दुसऱ्याच्या हाती न पडणं, हे आपण सांगतो; पण लोकांनी विश्वासाने सांगितलेलं पुरात जाऊ देणं हीसुद्धा त्यांच्याशी केलेली हयगयच आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा नियम मी तसाच पाळला. एक प्रत माझ्याकडे, एक हार्ड डिस्क सह्याद्रीपलीकडे कोल्हापूरला आत्याकडे आणि एक क्लाउडवर, आधी कूटबद्ध करून मगच चढवलेली. आत्याला त्यात काय आहे हे माहीत नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. दर काही महिन्यांनी प्रत्येक प्रत उघडून पाहायची, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही. कागदाला आणि डिस्कला पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या लागतात. त्या बदलायला विसरलं की आठवड्याभरात कागदाला बुरशीचा वास येतो.

मुलाखती टाइप करून घेण्याचा प्रश्न वाटला त्याहून नाजूक निघाला. आमच्याकडे बहुतेक जण ध्वनिफिती टायपिंग सेंटरवर देतात. तालुक्याच्या गावातल्या सेंटरवर बसणारा मुलगा शेजारच्या वाडीतलाच असतो, तो आवाजावरून माणूस ओळखतो. ऑनलाइन टाइप करून देणाऱ्या सेवांकडे दिलं तर फाइल कुठल्या सर्व्हरवर जाते ते कळत नाही. व्हिस्पर हे बोलणं ऐकून लिहून काढणारं मोफत प्रारूप इंटरनेट बंद ठेवून स्वतःच्या संगणकावर चालवता येतं, ते करून पाहिलं. पुस्तकी मराठी त्याला बऱ्यापैकी जमली, पण खारवी आणि दालदी या मच्छीमार समाजांच्या घरांतली बोली त्याला कळेना. शेवटी सगळं मीच ऐकून लिहिलं. फार वेळ गेला, पण त्या वेळातच मला माझ्या प्रबंधाचा मुख्य मुद्दा सापडला, त्यामुळे त्याची खंत नाही.

खरी कसोटी नावं बदलण्यात लागली. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी दाखवलं की जन्मतारीख, लिंग आणि पिन कोडसारखा झिप कोड एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरतात. आपल्या गावात तर तेवढंही लागत नाही. 'तीन मुलींची विधवा आई, दीर तांडेल (बोटीवरचा मुख्य खलाशी), वादळात घराचे पत्रे उडाले', एवढं वाचलं की बंदरावरचा कोणीही नाव सांगेल. न्यूझीलंडचे समाजशास्त्रज्ञ मार्टिन टोलिच यांनी २००४ मध्ये याला अंतर्गत गोपनीयता म्हटलं: परक्यांपासून लपवणं सोपं, पण एकाच अभ्यासात भाग घेतलेली, एकमेकांच्या परिचयाची माणसं लिखाणातून एकमेकांना ओळखणार नाहीत हे पाहणं कठीण. तेव्हा मी प्रत्येक उतारा परक्याच्या नजरेने न वाचता त्या बाईच्या जावेच्या नजरेने वाचायला लागले. बंदरांची नावं काढून उत्तर आणि दक्षिण एवढाच भेद ठेवला. वयाचे गट केले, रकमा टप्प्यांत मांडल्या, बोटीच्या इंजिनाचे सिलिंडर जिथे विश्लेषणाला लागत नव्हते तिथे गाळले. मुलींची संख्या, घराचं नुकसान असे विषयाशी संबंध नसलेले तपशील बदलले आणि बदलले आहेत हे प्रबंधात स्पष्ट लिहिलं. सर्वांत जास्त जड गेली ती बोली काढणं. बोलीवरून समाज कळतो, समाज आणि धंदा कळला की माणूस कळतो. काही सुंदर, धारदार वाक्यं मी प्रमाण मराठीत लिहिली, आणि तेव्हा वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण ती वाक्यं ज्यांची आहेत त्यांची भाकरी त्यापेक्षा मोठी.

मला गावात ओळख करून देणारे एक ज्येष्ठ गृहस्थ होते, मच्छीमार सोसायटीत वजन असलेले. त्यांच्याशिवाय माझं काम सुरूच झालं नसतं. एकदा त्यांनी अगदी सहज विचारलं, "मग आमच्या लोकांनी काय काय सांगितलं?" नाही म्हणावं तर उपकार विसरल्यासारखं, सांगावं तर शब्द मोडला. मी म्हटलं, "काका, कोणी काय सांगितलं ते तुम्हालाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही सांगणार नाही. पण सगळ्यांचं मिळून काय निघालं ते सगळ्यांसमोर सांगेन, तुम्हीच बैठक लावा." त्यांनी बैठक लावली. उचलीचे व्याज नसलेले पण माशाच्या कमी भावातून वसूल होणारे व्यवहार कसे चालतात, हे मी तिथे नावांशिवाय मांडलं. बायका मागे बसून ऐकत होत्या, आणि एका दोघींनी उठून माझ्या आकड्यांत दुरुस्तीही सुचवली.

विभागाची अपेक्षा वेगळीच. प्रबंधाच्या परिशिष्टात प्रतिसादकांची नावं, गावं, मोबाइल क्रमांक आणि मुलाखत घेतानाचे जिओ-टॅग फोटो जोडण्याची तिथे पद्धतच आहे. क्षेत्रकार्य खरंच झालं याचा तो पुरावा मानतात. शंका रास्त आहे, बनावट प्रश्नावल्या भरणारे असतातच. पण प्रबंध पुढे शोधगंगेवर जातो, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या त्या प्रबंधांच्या भांडारातून तो जगात कोणालाही उतरवून घेता येतो आणि गावातल्या पोरांच्या हातात फोन आहेत. आम्ही तोडगा काढला: मॅडमनी मूळ वही आणि काही ध्वनिमुद्रणं स्वतः पाहून-ऐकून पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं, परिशिष्टात फक्त संकेतांक गेले, आणि फोटोंत रिकामा धक्का आणि मी. समितीचं मान्यतापत्र सोबत होतं म्हणून हे चाललं. ते पत्र नसतं तर मला वाटतं हरकत घेतली गेली असती, त्यामुळे मान्यता घेताना परिशिष्टाचा मुद्दाही त्यातच लिहून घ्या.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संशोधनाला त्यात अटींसह सूट आहे, पण दिलेली संमती मागे घेण्याचा त्यातला हक्क मी सुरुवातीपासूनच सगळ्यांना सांगत होते. एका खलाशाने तो वापरला. मुलाखतीनंतर बऱ्याच महिन्यांनी त्याने निरोप पाठवला की त्याचं बोलणं काढून टाकावं. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. वहीतून त्याचा संकेतांक काढला, तिन्ही प्रतींतून ध्वनिमुद्रण आणि लिखित रूप पुसलं, त्याच्या दोन अवतरणांवर उभा असलेला परिच्छेद दुसऱ्या मुलाखतींवर नव्याने लिहिला. वही होती म्हणून हे शक्य झालं. व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) झाल्यावर वही मॅडमसमोर नष्ट करायची असं समितीला लिहून दिलं आहे, आणि त्यानंतर कुणालाच माघार घेता येणार नाही. म्हणून प्रबंध सादर करण्याआधी पुन्हा बंदरावर जाऊन प्रत्येकाला ते समक्ष सांगितलं. आणखी एका मावशींनी थोडा विचार करून आपल्या मुलाखतीतला एक प्रसंग काढायला सांगितला. बाकी राहू दे म्हणाल्या. तो प्रसंग काढला आणि त्याच आठवड्यात प्रबंध सादर केला.