संदर्भ नाही

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

माझं एक वाक्य उडालं. झालंय एवढंच. पण दुपारपासून डोक्यातून जाईना.

"माईकशिवायही नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचत असे." मराठी विकिपीडियावर कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पानावर लिहिलं होतं मी. १९१५ साल, पॅलेस थिएटर हे जुनं नाव, शाहू महाराज, शेजारचं खासबाग मैदान, हे सगळं राहिलं. त्याला पुस्तकाचे संदर्भ जोडले होते ना. आवाजाचं तेवढं गेलं. पानाच्या इतिहासात लाल रंगात वजा आकडा आणि पुढे दोन शब्द, संदर्भ नाही.

धड उद्धट नाही, धड नम्र नाही. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही त्या सदस्याने. सर म्हणाले, चर्चा पानावर विचार. काय विचारू? वीस गुणांसाठी अनोळखी माणसाला विचारू, की माझे आबा खोटं बोलतात का?

हेच टोचतंय. पुस्तकवाल्यानेही कधीतरी कुणाला तरी विचारूनच लिहिलं असेल की. त्याचा म्हातारा चालतो, माझा चालत नाही. छापलेला आजोबा पाहिजे. नियम मलाही पाठ आहे, कुणालाही पडताळून बघता आलं पाहिजे वगैरे. पाठ असला म्हणून काय झालं?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळत होतं तेव्हा आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. आत या म्हटलं तरी येईनात. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मग ते जे बोलले ते... जाऊ दे.

संध्याकाळी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, वाक्य चार तऱ्हांनी फिरवून बघितलं. "असे म्हणतात की" लावून बघितलं. सुमी म्हणाली, कोण म्हणतं ते विचारतील. मग बंद केला लॅपटॉप.

जेवताना आबांनाच धरलं.

"आबा, तुम्ही शेवटच्या रांगेत बसायचा तेव्हा आवाज कसा यायचा, नीट सांगा."

"मी कशाला बसतोय शेवटच्या रांगेत? पडदा ओढायला असायचो मी. विंगेत."

"मग मागेपर्यंत ऐकू यायचं ते?"

"सगळं कोल्हापूर म्हणतंय की!"

घास हातातच राहिला माझा. म्हणजे माझ्या संदर्भालाच संदर्भ नाही! दुपारपासून त्या बिचाऱ्या सदस्याला मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते आठवून हसूच फुटलं. आईला वाटलं ठसका लागला.

तसं वाक्य पुरतं गेलेलंही नाही म्हणा. इतिहासात आहे, तारीख-वेळेसकट, माझ्या सदस्यनावासकट. जुनी आवृत्ती उघडली की दिसतं. सोमवारी सरांना तेच दाखवणार. गुण देवोत न देवोत. (द्यावेत. मागच्या वेळी सहा गेलेत.)

आबांनी मात्र भलतंच मनावर घेतलंय. जेवल्यापासून फोन नंबरांची जुनी वही काढून बसलेत. आत्ताही बाहेरच्या खोलीतून आवाज येतोय, "ते ऱ्हाऊ दे रं, तू कधी शेवटच्या रांगेत बसला हुतास काय, तेवढं सांग." हा तिसरा फोन. पलीकडचा माणूस बहुतेक झोपेतून उठलाय.