उत्तर ध्रुवाजवळच्या गाळातला अझोला

ब्रेमेन विद्यापीठातल्या ज्या कोठारात माझे बरेचसे काम चालते, ते बाराही महिने ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेले असते. मे महिन्यात आई नागपूरहून फोन करते तेव्हा तिकडे पारा ४५ च्या घरात असतो आणि मी इकडे स्वेटरवर जाड कोट चढवून मांडण्यांच्या रांगांमधून दीड मीटर लांबीच्या गाळाच्या नळ्या शोधत असते. अटलांटिक, आर्क्टिक आणि आसपासच्या समुद्रांच्या तळातून खोदून काढलेल्या या नळ्यांची एकूण लांबी दीडशे किलोमीटरहून अधिक आहे. एकीला एक लावून मांडल्या, तर नागपूरच्या सीताबर्डीहून निघून अमरावती गाठता येईल. प्रत्येक नळी उभी चिरलेली असते. एका अर्ध्या भागातून आम्ही नमुने घेतो आणि दुसरा भाग पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवला जातो.

गेल्या डिसेंबरात सुट्टीवर आले असताना मौद्याजवळ आत्याकडे गेले होते. गोठ्यामागे प्लॅस्टिक अंथरून केलेल्या उथळ वाफ्यात ती अझोला हा पाण्यावर तरंगणारा छोटा नेचा वाढवते आणि ढेपेत मिसळून गाईंना घालते. माझे काम काय, हे तिला समजावून सांगत असताना तिने विचारले, “चिखल तर आमच्या बांधीतही आहे, त्याच्यात काय पाहून राहिली तू?” मी तिच्या वाफ्याकडे बोट दाखवून म्हटले, “आत्या, हेच.” तिचा विश्वास बसला नाही, आणि तो सहज बसू नये अशीच ही हकिकत आहे. त्या दिवशी अर्धवट राहिलेले उत्तर इथे नीट लिहीत आहे.

२००४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीन जहाजे उत्तर ध्रुवापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, लोमोनोसोव्ह नावाच्या समुद्राखालील डोंगररांगेवर जाऊन थांबली. ‘विदार वायकिंग’ या जहाजावर छिद्रणाचे यंत्र होते. वाहत्या बर्फात खोदणारे जहाज एका जागी स्थिर राहिले नाही, तर खालचा लांबलचक नळ मोडतो. म्हणून ‘सोव्हेत्स्की सोयुझ’ आणि ‘ओडेन’ ही दोन बर्फफोडी जहाजे येणारे हिमखंड आधीच फोडून त्यांचे लहान तुकडे करत राहिली. अशा रीतीने समुद्रतळाखाली सुमारे ४२८ मीटरपर्यंतचा गाळ मिळवता आला. त्या नळ्या ब्रेमेनला आणून इथेच चिरण्यात आल्या.

गाळातून तापमान कसे काढतात, हा प्रश्न मला नागपुरात सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. नेहमीची रीत शंखांची आहे. फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांत जड आणि हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजतात, कारण ते पाण्याच्या तापमानानुसार आणि जगात साठलेल्या बर्फानुसार बदलते. आर्क्टिकच्या या जुन्या थरांत मात्र असली कवचे टिकलेली नाहीत, त्यामुळे तिथे चरबीचा आधार घ्यावा लागतो. समुद्रात राहणाऱ्या आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचे पेशी-आवरण विशिष्ट मेदरेणूंचे असते. खोबरेल तेल थंडीत थिजते आणि उन्हाळ्यात पाण्यासारखे होते, हे आपण घरी पाहतोच. आवरणाचेही तसेच काहीसे होऊ शकते, म्हणून पाणी तापले की हे जीव आपल्या मेदरेणूंत कार्बनची वलये वाढवून आवरण आटोक्यात ठेवतात. जीव मरतो, रेणू गाळात उरतात, आणि कोट्यवधी वर्षांनंतर ती वलये मोजून पाण्याच्या तापमानाचा अंदाज करता येतो. रेणूंत ८६ कार्बन अणू असल्यामुळे या मोजणीला ‘टेक्स-८६’ म्हणतात.

या मोजणीने दिलेले आकडे पहिल्यांदा वाचले, तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवले होते. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी, वातावरणात अल्पावधीत प्रचंड कार्बन मिसळला गेला त्या काळात, आर्क्टिकच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे १८ अंशांवरून २३ अंशांच्या वर गेले होते. एकाच मोजमापावर इतका मोठा दावा उभा करणे मला मान्य नाही, आणि तो तसा उभा केलेलाही नाही: त्याच थरांत एपेक्टोडिनियम या उष्ण पाण्यातल्या सूक्ष्म जीवाचे अवशेष आहेत, आणि किनाऱ्यावरून वाहत आलेले ताडवर्गीय झाडांचे परागकणही आहेत. रसायन, समुद्र आणि जमीन अशा तीन स्वतंत्र साक्षी जुळतात, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

अझोला येतो तो त्यानंतर, सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वी. किमान ८ मीटर जाडीच्या थरात या पाणनेच्याचे बीजाणू खच्चून भरलेले आहेत. ते नद्यांनी दुरून वाहून आणले असावेत, अशी शंका कोणीही घेईल. पण मोठ्या बीजाणूंना लहान बीजाणूंचे पुंजके चिकटलेल्या अवस्थेत सापडले आहेत, आणि इतका लांबचा प्रवास करून अशी जोडी टिकली नसती. म्हणजे वनस्पती तिथेच वाढत होती. अझोला गोड्या पाण्यात वाढतो. त्यावरून असे दिसते की जमिनीने जवळपास वेढलेल्या त्या महासागराच्या खाऱ्या पाण्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या पाण्याचा थर तरंगत होता, आणि तसे सुमारे आठ लाख वर्षे वरचेवर घडत राहिले. या काळात पाणी सुमारे १० अंशांचे होते. पुढे खारटपणा वाढला, तापमान १३ अंशांकडे सरकले आणि अझोला संपला.

‘अझोलाने पृथ्वी थंड केली’ हे वाक्य अलीकडे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. हा नेचा फार झपाट्याने वाढतो आणि त्याच्या पानांतले निळे-हिरवे जीवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात, हे आत्याला माझ्याइतकेच ठाऊक आहे. तो मरून तळाशी गाडला गेला की कार्बनही गाडला जातो, हेही खरे. परंतु किती कार्बन गाडला गेला, हे अझोलाने किती पाणी व्यापले होते त्यावर ठरते. त्याचे बीजाणू दक्षिणेकडच्या नॉर्डिक समुद्रांतही सापडले असले, तरी मध्य आर्क्टिकची साक्ष या एकाच मोहिमेतून मिळालेली आहे, आणि एका विहिरीच्या पाण्यावरून साऱ्या तालुक्याचा हिशेब मांडू नये, असे मला मनापासून वाटते.

याच नळ्यांत काळाचाही एक वाद दडलेला आहे. अझोलाच्या बऱ्याच वर, गाळ अचानक बदलतो, तिथे जीवाश्मांवरून केलेल्या गणनेनुसार सुमारे २.६ कोटी वर्षांची नोंद गायब होती. पुढे ऑस्मियम या धातूच्या समस्थानिकांवरून केलेल्या गणनेने ती तूट जवळपास नाहीशीच केली. यांपैकी कोणती गणना धरायची, त्यावर आर्क्टिकचे बंदिस्त तळे खुला समुद्र केव्हा झाले याचे उत्तर कोट्यवधी वर्षांनी सरकते.

परतीच्या आदल्या दिवशी आत्याने मला वाफ्यातला ओंजळभर अझोला दाखवून विचारले, “अन् तुमचा तो असाच दिसे का?” तिच्याकडचा अझोला पिनाटा आहे आणि आर्क्टिकमधला, अझोला आर्क्टिका, ही वेगळी आणि नामशेष झालेली जात आहे. पण त्यासाठी इतके दूर जाण्याचीही गरज नव्हती. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्यावर लागणाऱ्या सौसरजवळ, लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या गारगोटीसारख्या दगडांतून वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी आणि राव यांनी अझोला इंटरट्रॅपियाचे वर्णन केले होते, आणि तो दख्खनच्या ज्वालामुखींच्या काळातला, म्हणजे आर्क्टिकच्या अझोलापेक्षाही दीडेक कोटी वर्षांनी जुना आहे. पुढच्या सुट्टीत आत्याला सौसरला घेऊन जायचे ठरले आहे.