पासवर्डची वही आणि 1930

आमच्या घरी पासवर्डची वही आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) कपाटात साड्यांखाली. हे ऐकून ऑफिसातले आयटीवाले कपाळावर हात मारतात. मारू देत. ऑनलाइन फसवणुकीसाठी बदनाम झालेल्या झारखंडच्या जामताऱ्यात बसलेल्या भामट्याला आमचं कपाट दिसत नाही. उलट सगळीकडे एकच, नातवाचं नाव आणि पुढे 123 असा पासवर्ड असला, की एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड चोर दहा ठिकाणी लावून बघतो. वही मिळाल्यावर बाबा दर ठिकाणी वेगळा, लांबलचक पासवर्ड ठेवायला तयार झाले. पिन मात्र वहीत नाहीत. ना एटीएमचा, ना यूपीआयचा.

पहिलं पान ईमेलचं. बाकीच्या खात्यांचा पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येते, म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशन (म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री) सगळ्यात आधी तिथे लावलं. व्हॉट्सअ‍ॅपलाही सहा आकडी पिन टाकला.

मला खरी धास्ती लग्नसराईची. ओळखीच्याच नंबरावरून ‘सहकुटुंब सहपरिवार’ असा मेसेज येतो, खाली फाइल, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘एपीके’. पत्रिका म्हणजे फोटो, पीडीएफ, हल्ली फार तर व्हिडिओ. एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप. ते टाकलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ‘अलाऊ’ दाबलं की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे. पाठवणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो, त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असतो. त्यामुळे ‘अनोळखी माणसाचं काही उघडू नका’ या उपदेशाचा इथे काडीचा उपयोग नाही. आरटीओच्या चलनाच्या नावानेही हाच प्रकार चालतो.

म्हणून बाबांच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ शोधलं. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल मॅनेजर, तिघांचीही परवानगी बंद. हे पर्याय प्रत्येक कंपनीने वेगळ्याच कोपऱ्यात दडवलेले असतात. सेटिंगच्या सर्चमध्ये ‘अननोन’ लिहिलं की सापडतात.

पैशांचं म्हणाल तर पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलंच नाही. त्यासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं, त्यात दूध-भाजी-औषधांपुरती रक्कम. ‘दोन-दोन पासबुकं कोण सांभाळणार?’ म्हणून बाबा कुरकुरले. आता पैसे भरून आणायच्या निमित्ताने बँकेत चक्कर होते, तिथे मित्र भेटतात, तक्रार संपली.

‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार’ हा मेसेज आईंनाही येऊन गेला. खालच्या नंबरावर फोन केला की समोरचा माणूस आपल्या फोनचा स्क्रीन त्याला दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतो. आईंनी बिलाची पावती काढून बघितली आणि मेसेज उडवला. बाई धीराची.

त्यांनीच 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर ‘पैसे गेले’ या नावाने सेव्ह केलाय. गेलेले पैसे चोर भराभर या खात्यातून त्या खात्यात फिरवतात, त्यामुळे जितक्या लवकर कळवाल तितकी वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. आधी मुलाला विचारू, मग बघू, असं करत बसायचं नाही, हे त्या दोघांकडून कबूल करून घेतलंय.

राहता राहिला हॉलमधला जुना कॉम्प्युटर. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि त्या डब्यावर 11 चढत नाही. बँकेचं काम त्यावरून बंद केलंय. बाबा त्यावर पत्ते खेळतात, नवा घ्यायला अजून तयार नाहीत.