हूक. एफ. आणि भिंतभर मेरियन

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.ला असताना कितीतरी हर्बेरियम शीटवर, म्हणजे वाळवलेली झाडं चिकटवलेल्या कागदांवर, झाडाच्या नावामागे ‘हूक. एफ.’ असं लिहिलेलं असायचं. ते झाडाला नाव देणाऱ्याचं नाव. आम्ही त्याला ‘हुक्या’ म्हणायचो. एफ म्हणजे फ्रँक किंवा फ्रेड असेल, अशी माझी समजूत. तोंडी परीक्षेत ती उघडी पडली. एफ म्हणजे फिलियस, लॅटिनमध्ये मुलगा. बाप विल्यम हूकर, मुलगा जोसेफ. लंडनच्या क्यू या वनस्पती-बागेचे आधी बाप संचालक, मग मुलगा.

यंदा लंडनला ताईकडे गेले, तेव्हा क्यू ठरलेलंच होतं. ‘क्यू गार्डन्सला उतर’ असं तिनं तीनदा बजावलं होतं. मी उतरले क्यू ब्रिजला, म्हणजे थेम्सच्या पलीकडे. पूल ओलांडून तंगडतोड करत आले तर समोर क्यू ग्रीनचं मैदान आणि त्यात सेंट ॲनचं चर्च. चुकले ते बरंच झालं. सरळ बागेत शिरले असते तर हुक्याला भेटायचं राहून गेलं असतं.

१९११ साली, ९४ व्या वर्षी तो गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा देऊ केली होती, पण तो इथे बापाशेजारी आहे. ओल्या गवतात बूट भिजवत थोडा वेळ उभी राहिले. बावीस वर्षांचा असताना हा माणूस जहाजावर सहायक सर्जन म्हणून दक्षिण ध्रुवाकडे गेला. पुढे सिक्कीममध्ये रोडोडेंड्रॉन गोळा करत हिंडला. १८४९ मध्ये तिथल्या दिवाणाच्या माणसांनी त्याला आणि दार्जिलिंगच्या कॅम्पबेल साहेबाला अटकेत टाकलं, आणि तेच निमित्त करून कंपनी सरकारनं सिक्कीमचा काही मुलूख गिळला. फुलं वेचायला गेलेल्या माणसामागून फौजा येतात, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला ठाऊक होते ते ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’चे सात खंड, १८७२ ते १८९७ या काळात निघालेले आणि आमच्या लायब्ररीत कायम कुलपात असलेले.

मग बागेत. ताडगृह वगैरे भराभर उरकलं. मला बघायची होती ती मेरियन नॉर्थ या चित्रकर्तीची गॅलरी.

बाहेरून लाल विटांची, भोवती व्हरांडा, अगदी आपल्याकडच्या साहेबी बंगल्यासारखी. आराखडा जेम्स फर्ग्युसनचा. पुणेकरांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. कॉलेजला नाव मिळालं तो जेम्स फर्ग्युसन मुंबईचा गव्हर्नर, हा दुसरा. पण यानंही अजिंठा-वेरूळची लेणी पालथी घातली होती, त्यांवर लिहिलं होतं.

आत पाऊल टाकलं आणि थबकलेच. भिंत दिसतच नाही! चौकटीला चौकट खेटून ८३२ तैलचित्रं, देशवार लावलेली. खाली २४६ जातींच्या लाकडांच्या फळ्या. सगळं एका बाईचं. वडील १८६९ मध्ये गेले तेव्हा ही ३९ वर्षांची, अविवाहित, हाती पैसा. १८७१ मध्ये निघाली ती जमैका, ब्राझील, जपान, बोर्निओ, जावा, सिलोन, हिंदुस्थान करत राहिली. ऑस्ट्रेलिया बघा असं डार्विननं सुचवलं, तर तिथेही गेली.

चित्रकला अशी जुजबीच शिकलेली. आमच्या बाईंनी जर्नलमध्ये असलं चित्र पाहिलं असतं तर ‘फुलाचा उभा छेद कुठाय?’ म्हणून परत केलं असतं. पांढऱ्या कागदावर एकटं रोप इथे नाहीच. झाड आपल्या जागी उभं, मागे डोंगर, पानावर किडा. काही रंग मला भडकही वाटले. पण गॅलरीच्या कॅटलॉगच्या प्रस्तावनेत हूकरनं लिहिलं होतं की कुऱ्हाड, वणवा आणि नांगर यांच्यापुढे ही दृश्यं नाहीशी होत चालली आहेत. ते वाचलेलं असलं की भडकपणाकडे जरा वेगळं बघितलं जातं.

बोर्निओच्या घटपर्णीपाशी मी बराच वेळ उभी होते. सारावाकमधल्या चुनखडीच्या डोंगरांतून आणलेली ही घटपर्णी तिनं रंगवली. चित्र पाहून इंग्लंडातल्या एका रोपवाटिकेनं ती शोधायला माणूस धाडला, आणि हूकरनं नाव ठेवलं: नेपेन्थिस नॉर्थियाना, हूक. एफ. चित्रकर्तीचं नाव आणि त्याला खेटून हुक्या!

दोघांचं सगळंच जुळलं असं नाही. गॅलरी देऊ करण्याचं पत्र तिनं १८७९ मध्ये गाडी चुकल्यावर श्रूसबरी स्टेशनवरून धाडलं. (गाडीच्या बाबतीत मी एकटी नाही.) पैसे तिचे, चित्रं तिनंच टांगली. दमून आलेल्यांना इथे चहा-कॉफी मिळावी, एवढंच तिचं मागणं. संचालकसाहेब नाही म्हणाले. गर्दी आवरणार कोण! १८८२ मध्ये गॅलरी उघडली तेव्हा दारांवर तिनं चहाचं आणि कॉफीचं झाड रंगवून ठेवलं होतं.

मान वर करून ती दोन्ही नीट बघून घेतली. मग व्हरांड्यात आले आणि ताईनं दिलेल्या थर्मासमधला आल्याचा चहा ओतला.