जुन्या साडीला कात्री लावण्याआधी

पाडव्याची स्वागतयात्रा आणि राम मारुती रोडवरची दिवाळी पहाट. या दोन सकाळींसाठी ठाण्यात जुन्या साड्यांच्या कुर्त्यांना आणि खणाच्या जॅकेटांना भरपूर मागणी असते. घरून हा व्यवसाय करणाऱ्या बहुतेकींचा हात शिवणकामात बसलेला असतो. पण गिऱ्हाईक कपडा परत घेऊन येतं, ते बहुतेकदा कापड नीट तपासलेलं नसतं म्हणून. त्यामुळे इथे तपासणीवरच जास्त लिहिलं आहे.

साडी खिडकीसमोर धरून साडेपाच मीटर सबंध बघा. ती सगळीकडे सारखी विरत नाही. टाचेकडची कड घासलेली असते, खांद्यावर पिनांची भोकं असतात, कपाटातल्या घडीच्या रेषेवर रेशीम चिरतं आणि जरही तुटते. कमरेभोवतीचा आतला वेढा सहसा सगळ्यात ताजा असतो, कुर्त्याची पाठ आणि छाती तिथूनच काढा. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड उभं आणि आडवं ताणून बघा. धागे सरकून फट पडली किंवा चरचर आवाज आला, तर त्याचा अंगावरचा कपडा करू नका. काखेत आणि पाठीवर पहिल्याच वापरात ते फसकतं. फ्युजिंग (मागून इस्त्रीने चिकटवायचं कापड) लावून बटवा मात्र होईल.

विकणारा सांगतो त्यावर धागा ठरवू नका. कडेचे तीन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळा, कारण पुष्कळ साड्यांत रेशीम एकाच दिशेला असतं.

रंगाची परीक्षा प्रत्येक रंगाची वेगळी घ्यायची. ओला पांढरा सुती रुमाल पाच मिनिटं दाबून ठेवा. काठाचा लाल किंवा जांभळा रुमालावर उतरला तर ती साडी घरी धुऊ नका. मिठाच्या पाण्याने सुटणारा रंग पक्का होत नाही. जरीची साडी ड्रायक्लीनलाच द्या. साधं रेशीम रिठ्याच्या गार पाण्यात पटकन खळबळून सावलीत वाळवा, भिजत ठेवू नका. सुती साडी आणि अस्तराचं मलमल मात्र आधी अर्धा तास भिजवून आटवून घ्या. अस्तर न आटवता लावलं तर पहिल्या धुण्यात वरचं कापड फुगतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

काठ साडीच्या लांबीत असतो. कुर्त्याच्या घेराला काठ हवा तर कापड आडवं वळवून, साडीची रुंदी हीच कुर्त्याची उंची धरा. ४५ इंची पन्ह्यात ४० ते ४२ इंच उंचीचा कुर्ता बसतो, आणि वरचा काठ गळा-खांदा कापताना निघतो तो बाह्यांना वापरता येतो. इरकलीत पदराचे धागे अंगाच्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात. तो जोड कधीही छातीवर किंवा दंडावर येऊ देऊ नका, खाली घेरात ठेवा.

जुन्या रेशमासाठी नवी ९ किंवा ११ नंबरची सुई घ्या आणि टाका अडीच मिलिमीटरचा ठेवा. फार बारीक टाक्यांनी कापड टाक्याच्या ओळीवरच कापलं जातं. शिवण अर्ध्या इंचाची सोडा आणि कुर्ता नेहमीपेक्षा दीड-दोन इंच सैल ठेवा. अंगाबरोबर बसणारे कपडे जुन्या रेशमात शिवू नयेत हे आमचं ठाम मत आहे, गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

किंमत ठरवताना बाद झालेला माल विसरू नका. दहा साड्यांतल्या तीन बाद झाल्या तर त्यांचे पैसे उरलेल्या सातांवर बसतात. उसवणं, तपासणी आणि इस्त्री यांचे तासही मजुरीत धरायला हवेत. टॅगवर धागा, धुण्याची पद्धत आणि राहिलेला डाग किंवा रफू स्पष्ट लिहा. बेलापूरच्या अर्बन हाटसारख्या हस्तकलेच्या बाजारात हातमाग ओळखणारी माणसं येतात, त्यांना पॉलिएस्टर रेशीम म्हणून खपवता येत नाही आणि खपवूही नये.

आपल्याकडच्या दमट हवेत माल प्लॅस्टिकमध्ये ठेवला तर बुरशी धरते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि दर तीन महिन्यांनी घडी बदला. डांबर गोळ्यांचा वास असेल तर चार-पाच दिवस सावलीत वाऱ्यावर टाका. इस्त्रीने तो वास आणखी उठतो.

राहिली पैठणी. पदर आणि काठाची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसत असेल, मागे सुटे धागे लोंबत नसतील, तर ती हाताने विणलेली असण्याची शक्यता मोठी. ती धड असेल तर कापू नका. रफू करून साडी म्हणूनच विका. अंग विरलं असेल पण पदर-काठ मजबूत असतील, तर ते उचलून त्याच वजनाच्या नव्या रेशमावर बसवून घ्या. नवं अंग जाड निवडलं तर निऱ्या बसत नाहीत, फार पातळ निवडलं तर काठाच्या वजनाने ते ओढलं जातं.